वाचकांचे प्रश्न : वेलींसाठी ताटी आणि मनोरे, घरच्या घरी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी वेलींच्या आधाराबद्दल आहेत. तयार ताटी विकत न घेता स्वतः बनवू पाहणाऱ्या वाचकांच्या निवडक शंकांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : कारल्यासाठी मी लाकडी पट्ट्यांची ताटी बनवली. चौकट भक्कम आहे आणि पट्ट्या पाच सेंटिमीटर रुंद आहेत, तरीही वेल ताटीला न धरता खाली घसरते. बाजूच्या कुंपणाच्या तारेला मात्र तीच वेल सहज धरते. असे का होते?

उत्तर : आपली ताटी भक्कम आहे, पण कारल्याच्या दृष्टीने ती जवळजवळ भिंतच आहे. कारले, काकडी, दोडका, वाटाणा आणि कृष्णकमळ या वेली तणाव्यांनी, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक तंतूंनी, चढतात. तणाव्याचे टोक एखाद्या काडीला टेकले की ते थोड्याच वेळात तिच्याभोवती वळू लागते. मात्र तो वेढा पुरा होण्यासाठी काडी बारीक असावी लागते. साधारण एक सेंटिमीटरपेक्षा जाड आधार बहुतेक तणाव्यांच्या आवाक्यात येत नाही, आणि रुंद सपाट पट्टीवर तर त्यांना काही सापडतच नाही. कुंपणाच्या तारेला वेल का धरते, याचे उत्तर त्या तारेच्या जाडीत आहे.

तारेला धरलेला एखादा तणावा जवळून पाहावा. टोक पक्के झाल्यावर मधला भाग स्प्रिंगसारखा आकसतो, आणि त्याची दोन्ही टोके बांधलेली असल्यामुळे अर्धे वेढे एका दिशेने, तर उरलेले अर्धे उलट दिशेने पडलेले दिसतात. या आकसण्यामुळे वेल आधाराकडे ओढली जाते, आणि वाऱ्यात हेलकावे बसले तरी तणावा तुटत नाही, नुसता ताणला जातो.

सर्वच वेली अशा चढत नाहीत. गोकर्ण, वाल, गणेशवेल आणि गुळवेल यांचे खोडच आधाराभोवती फिरते, म्हणून त्यांना मनगटाएवढा बांबूही चालतो. त्यांना उभे आधार हवेत, आडव्या पट्ट्यांचा फारसा उपयोग नाही. अशा वेलीचा शेंडा हाताने गुंडाळताना तिची फिरण्याची दिशा आधी पाहून घ्यावी, कारण उलटा गुंडाळलेला शेंडा थोड्याच दिवसांत सुटून लोंबू लागतो. मोरवेल आणि तिच्या कुळातील क्लेमॅटिस पानांच्या देठांनीच पकड घेतात, त्यांनाही बारीक आधारच लागतो. बोगनवेल आणि वेलगुलाब यांच्याकडे मात्र पकडीचे साधनच नाही; काट्यांच्या जोरावर ते कशावर तरी रेलतात, म्हणून त्यांना बांधावेच लागते.

आपली ताटी मोडण्याची गरज नाही. चौकटीत वरपासून खालपर्यंत दर 15 ते 20 सेंटिमीटरवर सुतळी किंवा बारीक तार ताणून बांधावी. काकडीवर्गीय वेलींसाठी मला सुतळीच अधिक सोयीची वाटते, कारण हंगाम संपल्यावर वाळलेली वेल सोडवत न बसता सुतळीसह कापून थेट खतात टाकता येते. नायलॉनच्या जाळीत अडकलेले वाळके तणावे एकेक करून काढण्याचे काम कंटाळवाणे असते, आणि जाळीचे तुकडे मातीत मिसळतात ते वेगळेच.

प्रश्न : चार पायांचा, वर निमुळता होत जाणारा मनोरा बनवायचा आहे. तिरक्या पायांमुळे आडव्या पट्ट्यांची मापे कशी काढावीत हे समजत नाही. शिवाय वाऱ्याने तो आडवा होईल, अशी भीती वाटते.

उत्तर : कोनांच्या गणितात शिरण्याची आवश्यकता नाही. समजा पाय 180 सेंटिमीटर लांब आहेत, दोन पायांमधले अंतर बाहेरून बाहेर मोजल्यास तळाशी 45 आणि माथ्याशी 9 सेंटिमीटर ठेवायचे आहे. म्हणजे 180 सेंटिमीटरमध्ये 36 सेंटिमीटरची घट, अर्थात दर 10 सेंटिमीटरला 2. तळापासून 30, 60, 90, 120 आणि 150 सेंटिमीटरवर पट्ट्या घ्यायच्या ठरवल्या, तर त्यांची लांबी अनुक्रमे 39, 33, 27, 21 आणि 15 सेंटिमीटर येते. तरीही पट्ट्या या हिशेबाने एकदम कापून ठेवू नयेत. दोन पाय सपाट जमिनीवर याच अंतरांनी मांडावेत, प्रत्येक पट्टी जागेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करावी आणि मग कापावी. टोकांचा तिरका काप त्यामुळे आपोआप मिळतो.

अशी शिडीसारखी एक बाजू तयार झाली की दुसरी तिच्यावरच ठेवून बेतावी, म्हणजे दोन्ही तंतोतंत सारख्या होतात. मग दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करून उरलेल्या दोन अंगांच्या पट्ट्या बसवाव्यात. या पट्ट्या पहिल्या पट्ट्यांच्या उंचीवर न लावता एका पट्टीच्या रुंदीइतक्या वर किंवा खाली घ्याव्यात; नाहीतर अडीच सेंटिमीटर जाडीच्या पायात दोन बाजूंनी आलेले स्क्रू एकमेकांना आडवे येतात आणि लाकूड चिरते. पट्टीच्या टोकाजवळ स्क्रू बसवण्यापूर्वी त्यापेक्षा बारीक छिद्र पाडून घेणे तर आवश्यकच आहे. नुसते खिळे ठोकून केलेले सांधे पहिल्या पावसाळ्यानंतर सैल होतात, म्हणून जस्तलेपित किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत.

वाऱ्याची भीती रास्त आहे. मोकळ्या मनोऱ्यातून वारा आरपार जातो, पण पानांनी भरलेला मनोरा शिडाप्रमाणे वारा धरतो. म्हणून पाया भरल्या मनोऱ्याचा विचार करून घ्यावा. लाकडाचे पाय सरळ मातीत पुरणे टाळलेले बरे, कारण लाकूड सर्वांत आधी कुजते ते मातीच्या पृष्ठभागालगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. त्याऐवजी प्रत्येक पायालगत लोखंडी सळईचा साधारण 60 सेंटिमीटरचा तुकडा निम्म्याहून अधिक जमिनीत ठोकावा, पाय त्याला तारेने घट्ट बांधावा आणि पायाखाली चपटा दगड ठेवावा. कुंडीत मनोरा उभा करायचा असल्यास कुंडी रुंद बुडाची आणि जड हवी. हलक्या प्लॅस्टिकच्या कुंडीत उंच मनोरा टिकत नाही, कुंडीसकट कलंडतो.

प्रश्न : बांबूच्या ताटीखाली पिठासारखी पांढरट भुकटी पडते. काय करावे?

उत्तर : ते बांबू पोखरणाऱ्या भुंग्यांचे काम आहे. त्यांना बांबूतील पिष्ट हवे असते, त्यामुळे कोवळा बांबू लवकर पोखरला जातो. पोखरलेले बांबू काढून टाकावेत. नवे घेताना किमान तीन वर्षांचे पक्व बांबू निवडावेत. ते काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून नंतर सावलीत वाळवल्यास पिष्ट आणि साखर बरीच निघून जाते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाचाही उपयोग होतो, परंतु उघड्यावर ते पावसाने धुऊन जाते. वरचे टोक गाठीच्या लगेच वर कापावे, म्हणजे पोकळीत पाणी साचत नाही. इतके करूनही मातीत रोवलेला बांबू फार वर्षांचा सोबती नसतो, म्हणून बांधणी अशी असावी की एखादा बांबू बदलता येईल.

लाकडी ताटीला जवसाचे तेल लावणाऱ्यांसाठी एक सूचना : तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात.

प्रश्न : भिंतीवरच्या ताटीवर वेलगुलाब चढवला आहे, पण फुले फक्त वरच्या टोकाला येतात. ताटीची रचना चुकली का?

उत्तर : रचनेपेक्षा फांद्यांची दिशा चुकली आहे. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटवे निघण्याच्या जागांना, दाबून ठेवतो. तीच फांदी आडवी वळवली की लांबीभर डोळे फुटतात आणि प्रत्येक फुटव्यावर कळी येऊ शकते. फांद्या कोवळ्या असतानाच पंख्यासारख्या पसरून आडव्या बांधाव्यात. मनोरा असेल तर त्याच्याभोवती तिरक्या गुंडाळत न्याव्यात. गाठ इंग्रजी आठच्या आकाराची आणि सैल असावी.

फांद्या ताटीच्या चौकोनांतून आतबाहेर ओवण्याचा मोह मात्र आवरावा. दोन-तीन वर्षांत त्या जाड होऊन पट्ट्या उचकटतात, आणि छाटणीच्या वेळी फांदी तोडल्याशिवाय बाहेर निघत नाही. सर्व फांद्या समोरच्या बाजूनेच बांधाव्यात. ताटी भिंतीला चिकटून असेल, तर मध्ये लाकडाचे ठोकळे घालून ती किमान पाच सेंटिमीटर पुढे घ्यावी. मागे हवा खेळती राहिली की भुरीसारखे रोग कमी होतात आणि बांधायला मागे हातही जातो. वरचे स्क्रू काढून ताटी पुढे झुकवता यावी म्हणून खालच्या बाजूला बिजागऱ्या लावल्यास भिंतीला रंग देताना गुलाब मुळापासून कापावा लागत नाही.