दुसऱ्या महायुद्धातल्या रेडिओ वार्ताहरांच्या बातम्यांतले बॉम्बचे आवाज खरे असायचे की स्टुडिओत जोडलेले?

जी गाजलेली ध्वनिमुद्रणं आज ऐकायला मिळतात, त्यांतले खरे आहेत. पण तुमची शंका रास्त आहे. पुण्यात रेडिओसाठी बाहेरचं रेकॉर्डिंग करण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. दिवे घाटात पालखीचे टाळ-मृदंग टिपताना वारा माइकमध्ये घुसला की सगळी मेहनत पाण्यात. मग बॉम्बफेकी विमानात यांनी काय केलं असेल?

३ सप्टेंबर १९४३ च्या रात्री बीबीसीचा विनफर्ड व्हॉन-थॉमस आणि त्याचा ध्वनिमुद्रक रेग पिडस्ली लँकेस्टर विमानातून बर्लिनवर गेले. टेप नव्हतीच, आवाज थेट तबकडीवर कोरायचा. विमान हिंदकळत असताना सुई खोबणीत ठेवणाऱ्या पिडस्लीला मी वार्ताहराइतकंच श्रेय देईन. (आम्हा रेकॉर्डिस्टांची नावं कोणाच्या लक्षात राहतात म्हणा!) १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीपर्यंत बीबीसीने एकट्या माणसाला नेता येईल असं यंत्र बनवलं. चावीवर फिरणारं, वजन साधारण १८ किलो. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. त्यामुळे पाल्हाळ लावायची सोयच नव्हती, आणि तबकडी हवेवर जाण्याआधी सेन्सॉर होताच.

अमेरिकी नेटवर्कांचा खाक्या उलटा. रेकॉर्ड केलेलं वाजवायला तिथे बंदी, जे काही ते थेट. म्हणून सीबीएसचा एडवर्ड मरो मध्यरात्रीच्या सुमारास लंडनहून बोलायचा, तेव्हा अमेरिकेत संध्याकाळ असायची. २४ ऑगस्ट १९४० ला ट्रफाल्गर चौकात हवाई हल्ल्याचा भोंगा झाला आणि त्याने माइक खाली फरसबंदीजवळ नेला. पावलं ऐकू येतात. लोक आसऱ्याला चालत निघालेत, पळत नाहीत. लंडन घाबरलेलं नाही हे मग त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. माझ्या मते सगळ्या युद्धवार्तांकनात माइकचा यापेक्षा हुशार वापर झालेला नाही.

गंमत अशी की त्याच मरोच्या डिसेंबर १९४३ मधल्या बर्लिन हल्ल्याच्या गाजलेल्या वार्तापत्रात एकही स्फोट ऐकू येत नाही. तो विमानातून जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बसून बोलला. त्या रात्री गेलेल्या वार्ताहरांपैकी दोघे मारले गेले, एक जर्मनांच्या हाती लागला.

आणि एप्रिल १९४५ मधलं बीबीसीच्या रिचर्ड डिम्बलबीचं बेल्सन या नाझी छळछावणीचं वार्तापत्र. तिथे स्फोट नाहीत, गोळीबार नाही, नुसता माणसाचा आवाज. त्याने सांगितलेलं इतकं भयंकर होतं की बीबीसी ते लगेच प्रसारित करायला तयार नव्हती, त्याला राजीनाम्याची धमकी द्यावी लागली.

ऐकायचंच असेल तर आधी ट्रफाल्गर चौक ऐका, तोही हेडफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरवर ती पावलं ऐकू येणार नाहीत.