सिकंदराचं सोपं चरित्र दोनदा हातात घेऊन सोडलं. नावं, तारखा, आकडे डोक्यात बसत नाहीत आणि खरं किती तेही कळत नाही. कसं वाचावं?

तुम्ही लिहिलंय की पुस्तक साडेतीनशे पानांचं आहे, इतिहासाचा अभ्यास नाही आणि दोन्ही वेळा पहिल्या साठ पानांतच गाडी अडली. मग ती साठ पानं सध्या बाजूला ठेवा. मागच्या सूचीत 'पोरस' किंवा 'हायडास्पिस' शोधा आणि पंजाबचा राजा पोरस याच्याशी झालेल्या झेलमच्या लढाईचं प्रकरण आधी वाचा.

सुरुवातीला अडखळणं स्वाभाविक आहे. जवळपास प्रत्येक चरित्र मॅसिडोनियाच्या दरबारात उघडतं, आणि तिथे नावांचा नुसता गुंता आहे. वडील फिलिप, त्यांच्या सात बायका. सिकंदराच्या सख्ख्या बहिणीचं नाव क्लिओपात्रा, वडिलांच्या शेवटच्या बायकोचंही क्लिओपात्रा. इजिप्तची प्रसिद्ध क्लिओपात्रा ती ही नव्हे, ती जवळजवळ तीनशे वर्षांनंतरची. त्यात सिकंदराच्या मामाचं नावही अलेक्झांडर, आणि बहिणीचं लग्न याच मामाशी. त्या लग्नसोहळ्यातच इ.स.पू. ३३६ मध्ये फिलिपचा खून झाला. हे सगळं चाळीस पानांत अंगावर आलं की कुणीही पुस्तक मिटेल. झेलमवर मात्र माणसं मोजकी आहेत आणि नद्या आपल्या ओळखीच्या आहेत.

पेन्सिल घेऊन पुस्तकाच्या कोऱ्या पानावर एवढं उतरवा: हायडास्पिस म्हणजे झेलम (वितस्ता), अकेसिनिस म्हणजे चिनाब (असिक्नी), हायड्राओटिस म्हणजे रावी, हायफॅसिस म्हणजे बियास (विपाशा). टॅक्सिला म्हणजे तक्षशिला, मल्लोई म्हणजे मालव. खाली चारच तारखा: जन्म ३५६, गादी ३३६, झेलम ३२६, मृत्यू ३२३. इ.स.पूर्व वर्षं उलटी चालतात, त्यामुळे डोक्यात नेहमी गोंधळ होतो. त्यावर उपाय म्हणजे वर्षाऐवजी वय लक्षात ठेवा. ३५६ मधून चालू वर्ष वजा केलं की साधारण वय मिळतं. गादीवर आला तेव्हा वीस, झेलमवर तिशीच्या उंबरठ्यावर, गेला तेव्हा बत्तीस.

आता मुख्य गोष्ट, जी सोपी चरित्रं वाचकाला क्वचितच धड सांगतात. सिकंदराबरोबर चाललेल्या माणसांनी त्याच्याबद्दल लिहिलं होतं: सेनानी टॉलेमी, ॲरिस्टोबुलस, आरमारप्रमुख निआर्कस, दरबारी इतिहासकार कॅलिस्थेनिस. यांपैकी एकाचंही पुस्तक जसंच्या तसं उरलेलं नाही. आपल्या हातात आहेत ते पाच नंतरचे लेखक: डायोडोरस, कर्टियस, प्लुटार्क, एरियन आणि जस्टिन. डायोडोरस सर्वांत आधीचा, तोही सिकंदरानंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहितो. एरियन तर साडेचारशे वर्षांनी. आपल्याकडे शिवकाल वाचताना समकालीन पत्र आणि शे-दीडशे वर्षांनी लिहिलेली बखर यांत आपण फरक करतो, तोच इथे करायचा, फक्त इथे बखरीच बखरी आहेत. चरित्रकार या पाचांतून वेचून एक सलग गोष्ट विणतो, आणि विणीतले सांधे वाचकाला दिसत नाहीत. ते सांधे दिसायला लागले की पुस्तक जिवंत होतं, आणि झेलमच्या प्रकरणात ते सर्वांत स्पष्ट दिसतात.

तुमच्या पुस्तकात पोरसकडे किती हत्ती आहेत ते बघा. २०० असतील तर लेखक एरियनच्या मागे चाललाय. १३० असतील तर डायोडोरस, ८५ असतील तर कर्टियस. पायदळाचंही तसंच: एरियन आणि कर्टियस ३०,००० म्हणतात, डायोडोरस ५०,००० च्या वर नेतो, प्लुटार्क २०,००० वर थांबतो. लढाई एकच. 'सुमारे दोनशे हत्ती' असं बिनधास्त लिहिणाऱ्या चरित्रकाराने एक निवड केलेली असते. ती का केली हे टिपांत सांगितलं असेल तर पुस्तक विश्वासाचं.

पुढे नदी ओलांडण्याचा प्रसंग येईल. तो सावकाश वाचा, कारण त्यात सिकंदराची लढण्याची पद्धत पूर्ण दिसते. समोरच्या काठावर पोरस हत्ती घेऊन उभा. घोडे हत्तींना बिथरतात, त्यामुळे समोरून उतरणं अशक्य. म्हणून अनेक रात्री सिकंदर काठाने घोडदळ पळवून नुसता गलका करतो. पोरस दर वेळी हत्ती घेऊन समांतर धावतो, शेवटी दमतो आणि लक्ष देणं सोडतो. मग आपला सेनानी क्रॅटेरस याला छावणीत ठेवून सिकंदर सुमारे १५० स्टेडिया, म्हणजे २७-२८ किलोमीटर, वर जातो आणि वादळी पावसाच्या रात्री सुमारे ५,००० घोडदळ आणि ६,००० पायदळ घेऊन उतरतो. पैलतीर समजून ज्यावर उतरले ते निघालं बेट. पुढचा फाटा छातीभर पाण्यातून ओलांडावा लागला. पोरसने मुलाला रथ देऊन पाठवलं, ते रथ चिखलात रुतले. मुलाबरोबर रथ किती? टॉलेमीच्या म्हणण्याप्रमाणे १२०, ॲरिस्टोबुलस म्हणतो ६०. दोघेही त्या मोहिमेत होते, तरी आकडा दुपटीने वेगळा. एरियन दोन्ही देतो आणि आपण टॉलेमीचं का मानतो तेही सांगतो.

त्या पावसाने आणखी एक पेच टाकलाय. एरियन एका ठिकाणी लढाईचा महिना ग्रीक म्युनिखिऑन देतो, म्हणजे एप्रिल-मे. त्याच वर्णनात थोडं आधी तो सांगतो की दिवस उन्हाळी संक्रमणानंतरचे, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या पुढचे होते आणि नद्या पावसाने फुगल्या होत्या. पंजाबात मोसमी पाऊस जूनअखेरच्या आधी सहसा पोचत नाही, हे आपल्याला सांगायला ग्रीक पंडित नको. म्हणून काही पुस्तकांत लढाई मे महिन्यात दिसेल, काहींत जुलैत. छपाईची चूक समजू नका.

'खरं तर पोरसच जिंकला होता' हे तुम्ही ऐकलंच असेल. पाचही लेखक सिकंदर जिंकला असंच सांगतात. त्यानंतर त्याने झेलमच्या काठी विजयाच्या नावाने निकाया आणि घोड्याच्या नावाने बुकेफला अशी दोन नगरं वसवली आणि सैन्य घेऊन चिनाब, रावी ओलांडून बियासपर्यंत गेला. हरलेलं सैन्य असं पुढे सरकत नाही. पोरसला राज्य परत दिलं, वर आणखी मुलूख दिला, हे हरल्याचं लक्षण म्हणून सांगतात. पण जिंकलेल्या राजालाच कारभारावर ठेवण्याची त्याची रीत इतरत्रही दिसते. शंका घ्यायची तर विजयाच्या मापावर घ्या. पोरसचं जवळपास २०,००० पायदळ पडलं आणि सिकंदराचं पायदळ फक्त ऐंशीच्या आसपास, हा एरियनचा हिशोब उघड एकतर्फी आहे. डायोडोरस तिथे मॅसिडोनियन पायदळाचे ७०० हून अधिक मृत देतो. आपल्याकडचा समकालीन शब्द एकही नाही, ही खरी अडचण. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'अलिकसुदर' असं नाव येतं खरं, पण तो नंतरचा, अशोकाच्या काळातला दुसराच ग्रीक राजा आहे.

लगेच बियासचं प्रकरण वाचा. सैन्य का अडलं याची कारणं तिथे ठोस आहेत: आठ वर्षांची चाल, डायोडोरसच्या मते सत्तर दिवसांचा सलग पाऊस, घोड्यांचे झिजलेले खूर, फाटलेले कपडे. शिवाय पलीकडे मगधच्या नंदांचं सैन्य असल्याच्या बातम्या. हत्ती कर्टियसच्या मते ३,०००, डायोडोरसच्या मते ४,०००, प्लुटार्कच्या मते ६,०००. आकडा लेखकागणिक बदलतो. परत का फिरला हे समजवायला नंतरच्या लेखकांना तो चढवावा लागला, असं माझं मत.

हे दोन भाग झाले की आता पहिल्या पानावर जा. या वेळी दरबार पेलेल, कारण माणूस तुम्हाला माहीत झालेला असतो. एका बैठकीत पंचवीस-तीस पानं पुरेत. शेजारी आजचा नकाशा उघडा ठेवा, प्राचीन नको. टायर म्हणजे लेबनॉनचं सूर. ते तेव्हा बेट होतं. वेढ्यासाठी सिकंदराने समुद्रात जो बांध घातला त्याला वाळू धरत गेली आणि ते कायमचं किनाऱ्याला जोडलं गेलं. उपग्रह नकाशावर ती मान आजही दिसते. एकबटाना म्हणजे इराणचं हमदान, माराकांडा म्हणजे समरकंद, अरबेला म्हणजे इराकचं एर्बिल.

मोठे आकडे आले की धान्य मोजा. सैनिकाला दिवसाला साधारण सव्वा ते दीड किलो धान्य आणि दोन लिटर पाणी लागतं. गौगामेलाच्या लढाईत एरियन इराणचा सम्राट दारियस याचं पायदळ दहा लाख सांगतो. म्हणजे नुसत्या माणसांना रोज १,३०० टनांच्या आसपास धान्य. खेचर शंभर किलो वाहतं असं धरलं तर एका दिवसाच्या शिध्याला तेरा हजार खेचरं, आणि खेचरांचा चारा वेगळाच. हा हिशोब एकदा स्वतः केलात की 'दहा लाख' वाचून परत फसणार नाही. गेद्रोसियाच्या, म्हणजे मकरानच्या वाळवंटातली साठ दिवसांची चालही याच हिशोबाने वाचा. तिथे लोक का मेले ते लगेच कळतं.

गौगामेलाला एक दुर्मीळ गोष्ट हाताला लागते. बॅबिलोनचे ज्योतिषी मातीच्या विटांवर रोजची नोंद ठेवत: ग्रह, धान्याचे भाव, नदीची पातळी, मोठी घटना. आपल्याकडच्या शकावलीसारखी, रोखठोक. त्यातल्या चंद्रग्रहणाच्या नोंदीमुळे आणि ग्रहणानंतर अकराव्या रात्री दोन्ही सैन्यं समोरासमोर होती या प्लुटार्कच्या उल्लेखामुळे तारीख पक्की होते: १ ऑक्टोबर ३३१. ग्रीक लेखक म्हणतात, दारियस सैन्य टाकून पळाला. वीट सांगते, सैन्य राजाला सोडून गेलं. हरलेल्या बाजूकडून आलेलं एवढंसं वाक्य, पण ते शोधा. पुस्तकात नसेल तर समासात लिहून ठेवा.

बरेच वाचक ३३० ते ३२७ च्या प्रकरणांत पानं उलटतात, कारण मोठी लढाई नाही आणि अफगाणिस्तान-उझबेकिस्तानातली नावं अनोळखी. तिथे उलट वेग कमी करा. माणूस तिथे बदलतो. पर्सेपोलिसचा, म्हणजे इराणी सम्राटांचा, राजवाडा जळतो: एरियनच्या मते विचारपूर्वक सूड, इतरांच्या मते दारूच्या मैफलीत थाइस नावाच्या गणिकेने दिलेली चिथावणी. सिकंदराचा घोडदळप्रमुख फिलोटास याला कटाच्या आरोपावरून मारतात आणि लगेच त्याचा बाप, सत्तरीचा सेनापती पार्मेनियन, याला मारायला उंटस्वार धाडतात. एरवी महिनाभराची वाट ते अकरा दिवसांत कापतात, कारण मुलाच्या मृत्यूची बातमी बापापर्यंत आधी पोचली असती तर त्याच्या हाताखालचं सैन्य उठलं असतं. मग समरकंदला क्लायटस, ज्याने ग्रॅनिकसच्या लढाईत सिकंदराचा जीव वाचवला होता, तो त्याच्याच हातून भाल्याने मरतो. ही चाळीस पानं नीट वाचल्याशिवाय बियासवरचा हट्टी सिकंदर समजत नाही.

पुस्तक प्रामाणिक आहे का, हे सूचीवरूनच कळतं. थीब्ज (ग्रीक शहर, ६,००० मेले, ३०,००० गुलाम म्हणून गेले), टायर आणि मसागा हे तीन शब्द बघा. मसागा स्वातच्या खोऱ्यात. तिथे शब्द देऊन बाहेर काढलेल्या भाडोत्री भारतीय सैनिकांची कत्तल झाली. सिकंदरावर प्रेम करणारा प्लुटार्कसुद्धा हा त्याच्यावरचा डाग मानतो. मसागा एका ओळीत उरकलं असेल तर ते पुस्तक दुसऱ्या एखाद्याच्या जोडीनेच वाचा.

आणि मोबाइलवर फिरणारी 'माझे हात शवपेटीबाहेर ठेवा' ही गोष्ट या पाचांपैकी कुणातही नाही. देह मसाल्यांत टिकवला होता, आणि नेताना वाटेतच टॉलेमीने तो इजिप्तला पळवला. 'जिंकायला जग उरलं नाही म्हणून रडला' हेही उलटं झालंय. प्लुटार्कच्या एका निबंधात तो रडतो ते जगं असंख्य आहेत हे ऐकून, कारण अजून एकाचंही स्वामित्व मिळालेलं नसतं.

चरित्र संपलं की थेट प्लुटार्कचं सिकंदर-चरित्र घ्या. जुनी इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात, ७७ छोटी प्रकरणं आहेत, दोन-तीन संध्याकाळी पुरतात. आधी ६० ते ६२ वाचा: पोरस, घोड्याचा मृत्यू, बियास आणि तरुणपणी सिकंदराला पाहिलेला चंद्रगुप्त. मग ५० आणि ५१ क्लायटससाठी, शेवटी ७६ वं. त्यात तापाची दिवसागणिक नोंद आहे: कोणत्या दिवशी स्नान, कोणत्या दिवशी यज्ञ, वाचा कधी गेली. त्याच्यापुढे बॅबिलोनच्या विटेवरची त्या दिवसाची ओळ ठेवून बघा: राजा वारला, आभाळ ढगाळ.