बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

प्रश्न (ऐरोली): रो हाउसच्या गच्चीवर पॅनल, २४ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. जेमतेम दीड वर्ष झालं. लाइट गेली की पंधरा-वीस मिनिटांत 'लो बॅटरी'चा बीप सुरू. दुकानदार म्हणतो, दोन्ही बदला.

एवढ्यात पैसे काढू नका. बॅटऱ्या भरलेल्या असताना, संध्याकाळी ऊन गेल्यावर, पंखे-फ्रिज नेहमीसारखे चालू ठेवून मेन बंद करा आणि मल्टिमीटर लावा. आधी थेट बॅटऱ्यांच्या जोडीच्या दोन टोकांच्या शिशाच्या खुंटांवर, वायरच्या थिंबलवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नव्हे. मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर चोर बॅटरीत नाही, वाटेत आहे. ६०० वॉट लोडला २४ व्होल्टवर साधारण ३० अँपिअर लागतात. जोडात ०.०५ ओहम एवढा किरकोळ अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच जातो आणि ४५ वॉट उष्णता होते. म्हणजे थिंबल तापणार, आणि इन्व्हर्टर समजणार की बॅटरी संपली.

खाडीकाठच्या हवेत हे नेहमीचंच. खुंटावर हिरवट-पांढरी बुरशी दिसेल. आधी पॅनलचा आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडणारा स्विच) बंद, मग मेन आणि इन्व्हर्टर, त्यानंतर निगेटिव्हची वायर सोडा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खुंट पुसा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडं करून, घट्ट आवळून, वरून पेट्रोलियम जेली.

फरक आलाच नाही, तर लोडवरच दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. बेरीज फसवते. एक १२.३ आणि दुसरी १०.८ दाखवत असेल, तर दुसरीतला एखादा सेल बसलाय. तिचंच वॉरंटी कार्ड शोधा. दुकानदाराने मीटर न लावताच दोन्ही बदला म्हटलं असेल, तर मी दुकान बदलेन.

प्रश्न (घोडबंदर रोड): सोसायटीने गच्चीवर सोलर बसवलं. भर दुपारी लाइट गेली तर लिफ्टही बंद. बिघाड कुठे आहे?

कुठेच नाही. तुमचं ऑन-ग्रिड आहे, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेलं. ग्रिड गेली की इन्व्हर्टरने बंद व्हायलाच हवं, नाहीतर लाइन दुरुस्त करणाऱ्या महावितरणच्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. बॅकअप हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. हे विकणाऱ्याने आधीच सांगायचं होतं.

प्रश्न (नेरूळ): दोन खोल्या इन्व्हर्टरवर घेतल्यापासून हॉलचा दिवा लावला की आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, तो काढूनच टाकू.

अजिबात काढू देऊ नका. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून पाहतो. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो, एवढ्या फरकावर तो पडतो. तुमच्याकडे फेज एका वाटेने जातोय आणि न्यूट्रल दुसऱ्याच वाटेने परततोय. कुठल्या तरी स्विचबोर्डात इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल एकत्र पिळलेला असणार. त्या दोन खोल्यांचे न्यूट्रल वेगळे काढायला सांगा. भिंत फोडावी लागत नाही, बोर्ड मात्र उघडावे लागतात, आणि नेमका तोच कंटाळा केला जातो.

प्रश्न (वाशी): पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर 'आयसोलेशन' एरर दाखवतो, दुपारी आपोआप सुरू होतो.

पॅनलच्या वायरिंगमध्ये पाणी शिरतंय. सुरू होण्याआधी इन्व्हर्टर पॅनलकडून येणारी डीसी वायर आणि अर्थिंग यांमधलं इन्सुलेशन तपासतो. सकाळी ते ओलं असतं, उन्हाने सुकतं. बहुधा एखादा कनेक्टर स्लॅबवरच्या पाण्यात पडलाय किंवा वायर लोखंडी स्ट्रक्चरला घासून सोलली गेलीय. स्वतः हात घालू नका. उजेड आहे तोवर पॅनलमध्ये वीज असतेच, आणि चालू लोडवर कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही. एसीत, म्हणजे घरातल्या विजेत, करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, डीसीत येतच नाही. सोलरवाल्याला बोलवा, कनेक्टर झिप टायने वर उचलून बांधून घ्या. त्याच फेरीत पॅनलच्या लाइनवर डीसी एमसीबी आहे की घरातला साधा एसीचा, तेही पाहायला लावा. साधा निघाला तर त्याच दिवशी बदलून घ्या.