लकी बांबूची एक कांडी पिवळी पडली

प्रश्न : आखाजीला माहेरी आलेल्या लेकीने लकी बांबूच्या तीन कांड्या आणल्या. काचेच्या बरणीत बोअरचे पाणी भरून कूलरसमोरच्या खिडकीत ठेवल्या. महिनाभरात पानांची टोके करपली, एक कांडी बुडाशी पिवळी आणि मऊ झाली. मुळे लालसर दिसतात, तीही सडली का? आणि लेकीने दिलेली कांडी काढून टाकायला मन धजत नाही. – एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, मुळांची काळजी सोडा. या झाडाची निरोगी मुळे केशरी-लालसरच असतात. काळी पडून बुळबुळीत झाली, हाताला घाण वास आला, तरच ती सडली म्हणायची.

टोके करपली ती पाण्याने. नाव बांबू असले तरी हे बांबू नव्हे, ड्रॅसिना आहे. मूळचे आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडचे, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. त्याला क्षार आणि फ्लोराइड सोसत नाही. तुमच्या कूलरच्या पॅडवर पांढरी खरपुडी धरते ना, तेच क्षार बरणीत साचतात आणि पानांच्या टोकाशी जाऊन बसतात. पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटल्याने क्षार वाढतात. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले तर क्लोरीन उडतो, क्षार तसेच राहतात. सध्या पिण्याच्या आरओ फिल्टरचे पाणी घाला, साध्या फिल्टरने क्षार जात नाहीत. फिल्टरच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे मात्र चुकूनही नको, क्षार त्यातच जास्त असतात.

जागाही बदला. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, खिडकीतली काच तापते आणि बरणीतले पाणी कोमट होते. त्यात कूलरचा झोत थेट पानांवर. देवघराजवळच्या किंवा दिवाणखान्यातल्या आतल्या भिंतीशी, उजेड असेल पण ऊन पडणार नाही, अशा जागी ठेवा. बरणीत हिरवे शेवाळ धरत असेल तर बाहेरून जाड कागद गुंडाळा.

आता पिवळी कांडी. ती पुन्हा हिरवी होणार नाही, आणि तिची कूज त्याच पाण्यातून बाकीच्या दोघींना लागेल. आजच काढा. पण टाकून देऊ नका. वरचा कोंब हिरवा, टणक असेल तर धारदार सुरीने मऊ भागाच्या बरेच वर, पेराच्या खाली कापा आणि वेगळ्या ग्लासात दोन-तीन बोटे पाण्यात ठेवा. काही आठवड्यांत मुळे फुटतात. लेकीची भेट अशी जिवंत राहते, यात अशुभ काय? माझ्याकडची एक कांडी अशीच वाचली, आज तिला सात पाने आहेत.

पाणी दर आठवड्याला पूर्ण बदला आणि बरणी आतून घासा. हे मी हात जोडून सांगते. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, ती काठाला चिकटून सुकली तरी महिनोन्महिने जगतात. नुसते पाणी ओतून भागत नाही.

खत एवढ्यात नको. घरात मांजर असेल तर बरणी उंचावर ठेवा, ही पाने तिला बाधतात.

पाऊस लागला की पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्या, मग उघड्या अंगणात पातेले मांडा. घट्ट झाकलेली एक कळशी तुमच्या बरणीला दिवाळीपर्यंत पुरेल.