डोमेन बदलताना रँकिंग टिकवायचं असेल तर 'फॉरवर्डिंग लावलं की झालं' यावर थांबू नका

ताई, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचलं आणि दुकानात बसूनच हे लिहायला घेतलं. तुम्ही चोपड्याहून केळीचे वेफर्स विकता, बचत गटाच्या नावाची डॉट इन साइट आता स्वतःच्या ब्रँडच्या डॉट कॉमवर न्यायची आहे, शोधात वर दिसता ते जाऊ नये एवढंच म्हणणं आहे, आणि वेबसाइटवाला सांगतो, "फॉरवर्डिंग लावून देतो, दहा मिनिटांचं काम आहे." (जुना पत्ता टाकला की नवी साइट उघडावी, अशी सोय म्हणजे फॉरवर्डिंग.) जानेवारी २०२४ मध्ये मला हेच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. त्यात आमचा पापड-बिबड्यांचा अख्खा हंगाम गेला.

आधी हे सांगतो की मी यातला तज्ज्ञ नाही. अमळनेरला आमचं मसाले, उडदाचे पापड आणि बिबडे (ज्वारीचे खान्देशी पापड) यांचं घरगुती काम आहे. आई, काकू आणि गल्लीतल्या सात-आठ बायका माल करतात, मी फोन, कुरिअर आणि साइट बघतो. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि सर्व्हर अपाची (पानं उघडून देणारं सॉफ्टवेअर). तुमचं तसं नसेल तर काही गोष्टी वेगळ्या असतील, तेवढं तपासून घ्या. बॅकअप, नव्या साइटचं एसएसएल (सुरक्षेचं प्रमाणपत्र), साइटमॅप (पानांची यादी) हे सगळे सांगतात, त्यात शिरत नाही.

झालं असं. २ ते ४ फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरला साहित्य संमेलन होतं. बाहेरगावची माणसं येणार, म्हणून नव्या नावाची पाकिटं आणि कार्डं त्याआधी हवी होती. त्या घाईत जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात डोमेन बदललं. वेबसाइटवाल्याने नवी साइट चढवली आणि जुनं डोमेन जिथून घेतलं होतं तिथल्या पॅनलमध्ये जाऊन फॉरवर्डिंग लावलं. त्यात 'मास्किंग' नावाचा पर्याय होता, तोही चालू केला. मी मोबाइलवर जुनं नाव टाकलं, नवी साइट दिसली. वर पट्टीत जुनंच नाव दिसत होतं. मला वाटलं, छान, जुन्या गिऱ्हाइकांना फरकच कळणार नाही.

मास्किंग म्हणजे काय, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यात जुना पत्ता कुठेही पाठवला जात नाही. जुन्या पत्त्यावर एक रिकामं पान उघडतं आणि त्या पानात चौकट करून नवी साइट दाखवली जाते. माणसाला नवी साइट दिसते, गूगलला मात्र 'सगळं ठीक' असं सांगणारा २०० हा आकडा आणि रिकामं पान मिळतं. आतलं कुठलंही पान उघडा, मग ते बिबड्यांचं असो, काळ्या मसाल्याचं असो की कळण्याच्या पिठाचं, तीच चौकट आणि त्यात मुखपृष्ठ. गूगलच्या हिशेबात आमची साइट हललीच नव्हती, एका रात्रीत तिची सगळी पानं रिकामी झाली होती. आणि नवी साइट त्याच्यासाठी अगदी अनोळखी.

पहिले दोन आठवडे काही जाणवलं नाही, कारण जुनी पानं शोधात होतीच. मग एकेक पान गळायला लागलं. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं मोफत साधन) पत्ता बदलल्याचं कळवायची जी सोय आहे, ती मी वापरायला गेलो तर पहिल्याच तपासणीत नापास, मुखपृष्ठावर ३०१, म्हणजे 'हे पान कायमचं दुसऱ्या पत्त्यावर गेलं' असं सांगणारा आकडा, सापडत नाही म्हणून. तिथेच मला थांबायला हवं होतं. मी डोमेन कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं. उत्तर आलं, "प्रोपगेशनला ४८ ते ७२ तास लागतात." म्हणजे बदल इंटरनेटभर पसरायला. चार दिवसांनी पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा तपासणीचा फोटो जोडून विचारलं, "हे ३०१ आहे की नाही, एवढंच सांगा." उत्तर आलं की आमच्या बाजूने फॉरवर्डिंग सुरू आहे, आणि तक्रार निकाली काढली. चौथ्यांदाही तसंच. मला राग मदत न केल्याचा नाही, ताई. एका शब्दात 'नाही' म्हणाले असते तर मी त्याच दिवशी दुसरा मार्ग धरला असता. तक्रार बंद झाल्याचा मेल आला की पलीकडच्या माणसाचं काम संपतं, आमचं मात्र तिथून सुरू होतं.

त्यात ५ मार्चला गूगलचा मोठा कोअर अपडेट (शोधातला क्रम ठरवण्याच्या पद्धतीतला बदल) सुरू झाला, तो १९ एप्रिलपर्यंत चालला. वेबसाइटवाल्याला कारण सापडलं. "सगळ्यांचंच पडलंय, अपडेट संपू द्या." मीही मान डोलावली. आमचा धंदा होळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. ऊन तापलं की पापड-बिबडे वाळतात आणि वर्षाची बेगमी करणारी गिऱ्हाइकं याच दिवसांत फोन करतात. त्या वर्षी होळी झाली तरी फोन शांत. आई दोनदा विचारून गेली, "काबर रे, औंदा फोन नहीत?" गच्चीवर माल वाळत होता आणि तिला काय सांगावं ते मला सुचत नव्हतं.

शेवटी उलगडा केला सुरतच्या एका गिऱ्हाइकाने. उधन्याकडे आपली खान्देशी माणसं भरपूर, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आमच्या बिबड्यांच्या पानाची जुनी लिंक फिरते. ते म्हणाले, "भाऊ, लिंक दाबली की पहिलंच पान येतं, बिबडे सापडत नाहीत." मी पहिल्यांदा आतल्या पानाचा जुना पत्ता टाकून बघितला. मग रीडायरेक्ट, म्हणजे पत्ता कुठे वळतो ते, तपासणाऱ्या एका मोफत साइटवर तोच पत्ता टाकला. २०० आला, ३०१ नाही. एप्रिलचा तिसरा आठवडा होता.

आता तुमच्यासाठी. माझं ठाम मत असं की डोमेन विकणाऱ्यांच्या पॅनलमधलं फॉरवर्डिंग वापरूच नका, मास्किंग नसलं तरी. बऱ्याच ठिकाणी ते प्रत्येक जुना पत्ता सरळ नव्या मुखपृष्ठावर नेऊन टाकतं. वेफर्सचं पान शोधणारा मुखपृष्ठावर पोहोचला तर गूगल ते जुनं पान हरवलं असंच धरतं. जुन्या डोमेनचा डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) तुमच्याच होस्टिंगकडे (साइट जिथे ठेवली आहे तिकडे) वळवा, तिथे ते डोमेन जोडून घ्या, त्याचंही एसएसएल चालू ठेवा (हे विसरतात, आणि मग जुन्या लिंकवर लाल इशारा दिसतो), आणि जुनं प्रत्येक पान त्याच्या जोडीच्या नव्या पानावर ३०१ ने पाठवा. मधे टप्पे ठेवू नका, जुन्यावरून थेट नव्यावर. ३०१ मुळे पानाचं शोधातलं वजन घटत नाही, हे गूगलच्या माणसांनी २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. जुनी साइट रोबोट्स फाइलने (गूगलने कुठे शिरू नये ते सांगणारी फाइल) अडवू नका, नाहीतर गूगलला ३०१ दिसणारच नाही.

जुन्या पत्त्यांची यादी नसेल तर जुन्या डोमेनच्या सर्च कन्सोलमध्ये कामगिरीच्या अहवालातली पानं उतरवून घ्या, १६ महिन्यांची माहिती मिळते. उरलेली वेबॅक मशीनवर (जुनी पानं जपून ठेवणारी साइट) सापडतात. मला अशी ४३ पानं मिळाली.

तुमचे पत्ते मराठीत असतील तर हे नीट वाचा, माझ्या दोन रात्री यात गेल्या. ब्राउझरमधून मराठी पत्ता कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ येते. ती तशीच एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (अपाचीसाठीचे वळवण्याचे नियम तिथे लिहितात) डाव्या बाजूला, म्हणजे जुन्या पत्त्याच्या जागी, चिकटवली तर नियम लागू होत नाही, कारण अपाची पत्ता आधी उलगडतो आणि मग जुळवतो. तिथे सरळ देवनागरीतच लिहायचं आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) जतन करायची. तसं केलं तरी माझी अर्धी पानं जुळेनात. कारण असं की वर्डप्रेस पत्त्याच्या तुकड्याला २०० जागा देतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या त्या माळेत नऊ जागा खातं, काना-मात्राही वेगळे मोजून. म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता कापलेला असतो. मी शीर्षकं आठवून पूर्ण लिहीत होतो, खरे पत्ते अर्धवट होते. म्हणून पत्ता आठवणीतून लिहू नका, यादीतूनच घ्या.

सर्च कन्सोलमध्ये जुनं आणि नवं दोन्ही डोमेन एकाच खात्यात, आणि मालकी डीएनएसच्या नोंदीने सिद्ध केलेली ठेवा. फाइल टाकून केलेली मालकी साइट हलली की जाते. मगच पत्ताबदल कळवा. गूगल ३०१ किमान १८० दिवस ठेवायला सांगतं, जमेल तितके जास्त म्हणतं. माझं म्हणणं, जुनं डोमेन कधीच सोडू नका. आमच्या जुन्या पाकिटांवर क्यूआर कोड छापलेला आहे, ती पाकिटं कोणाच्या फडताळात किती वर्षं राहतील काय माहीत. आणि ते डोमेन तुमच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदलेलं आहे ना, ते आजच बघा. माझं वेबसाइटवाल्याच्या खात्यात होतं. ते सोडवायला लागलेले अकरा दिवस मी वर लिहिलेही नाहीत, कारण अजून त्रास होतो.

डिझाइन आणि डोमेन एकाच वेळी बदलू नका, पडझड झाली तर कारण सापडत नाही. नव्या साइटवर वर्डप्रेसच्या वाचन सेटिंगमधली 'सर्च इंजिनांना अनुक्रमित करण्यापासून परावृत्त करा' ही खूण काढली का ते बघा, साइट बनवताना लावलेली ती तशीच राहते आणि नवी साइट शोधात येत नाही. जुन्या डोमेनवर ईमेल असेल तर डीएनएस हलवताना एमएक्स नोंदी (ईमेल कुठे पोहोचवायचा ते सांगणाऱ्या) सोबत न्या, आमच्या एका होलसेलवाल्याची ऑर्डर तिथेच अडकली होती. गूगल बिझनेस प्रोफाइलवरची लिंकही बदला.

आणि हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो. फक्त डॉट कॉम हवं म्हणून हलत असाल तर हलू नका. भारतातल्या गिऱ्हाइकासाठी डॉट इन कुठेही कमी पडत नाही. नाव बदलणं गरजेचंच असेल, म्हणजे गटाशी हिशेब वेगळा झाला असेल, तर वेळ तरी नीट निवडा. केळीचे वेफर्स म्हणजे उपवासाचा माल, आषाढी, श्रावण, नवरात्र तुमचे. या दिवसांच्या तोंडावर काही हलवू नका. दिवाळी उरकली की करा, महाशिवरात्रीपर्यंत गाडी रुळावर यायला वेळ मिळतो. लहान साइटची बहुतेक पानं नीट ३०१ असेल तर काही आठवड्यांत सरकतात. माझी, उशिरा दुरुस्त केल्यामुळे, पावसाळा संपता संपता परत आली. काळ्या मसाल्याचं पान अजून पूर्वीच्या जागी नाही.

तुमच्या माणसाने फॉरवर्डिंग लावूनच टाकलं असेल तर जुन्या साइटच्या एखाद्या आतल्या पानाचा पत्ता इथे टाका, मुखपृष्ठाचा नको. रात्री दुकान बंद केल्यावर बघतो आणि २०० येतंय की ३०१ ते सांगतो.