रिपोर्ट नॉर्मल, तरी रोज पोटात दुखतं

जुलै लागला की एक वाक्य माझ्याकडे दर आठवड्याला येतं. कधी फोनवर, कधी शाळेच्या व्हरांड्यात छत्री मिटता मिटता. "मॅडम, रोज सकाळी पोटात दुखतं म्हणते. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, सगळं नॉर्मल. नाटक करते का हो ही?" कधी मुलगी असते, कधी मुलगा. दुखणं कधी पोटाचं, कधी डोक्याचं. शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला असतो, नाटक की खरं?

माध्यमिक शाळांत समुपदेशन करताना या प्रश्नाला इतक्या वेळा तोंड दिलंय की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. त्यासाठी एका नववीतल्या मुलीची गोष्ट सांगते. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे. नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शाळा सातारा जिल्ह्यातली, तालुक्याच्या गावची, अनुदानित. ही आठवीला 'ब' तुकडीत पहिली आली, म्हणून नववीला तिला 'अ' तुकडीत घातलं. घरी पेढे वाटले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोट दुखायला लागलं, आणि महिन्याभरात अकरा दिवस शाळा बुडाली.

"गणिताला भ्याली असणार," आई म्हणाली. "अ तुकडीतली पोरं लई पुढची. आम्ही लगेच क्लास लावला." वडिलांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते पोरगी लाडानं बिघडली होती. आईची तक्रार आणखी एक होती. लेक डब्यात भाजी नेईना. रोज चटणी लावून गुंडाळलेली चपातीच हवी. "पण डबा तर रिकामा येतो मॅडम. पोटात दुखणारं माणूस डबा संपवतं का?"

गुंडाळलेल्या चपातीची ती गोष्ट मी ऐकली आणि सोडून दिली. ती माझी चूक होती.

मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तुम्ही पण म्हणणार का, मी नाटक करते?"

"नाही. तुला दुखतंय. ते कधी जास्त दुखतं आणि कधी कमी, एवढंच मला शोधायचंय."

ती मागे टेकून बसली. पालकांनो, माझं तुम्हाला पहिलं सांगणं हेच आहे. हे दुखणं खरं असतं. भीती वाटली की आतडी आवळतात, मळमळतं, घाम फुटतो. परीक्षेच्या सकाळी किंवा मुलाखतीच्या आधी तुमच्याही पोटात गोळा आलेला असतो. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ पोटात आजार सापडला नाही, एवढाच. दुखणं नाही असा तो अर्थ नव्हे. 'नाटक' हा शब्द एकदा उच्चारला की मूल पुढचं सगळं बळ दुखणं खरं आहे हे सिद्ध करण्यात घालवतं, आणि मूळ कारण आतच राहतं.

दोन भेटी आम्ही गणितावर घालवल्या. मीही आईच्याच वाटेनं चालले होते. मग एकदा आई सहज बोलून गेली, "शनिवारी मात्र सकाळी सहाला उठून बरोबर जाते." मी शनिवारचं वेळापत्रक मागवलं. साडेसात ते साडेअकरा शाळा, आणि त्यात गणिताच्या सलग दोन तासिका. म्हणजे गणित नव्हतंच.

तिसऱ्या भेटीत मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. "सोमवारचा सगळा दिवस लिही. प्रत्येक तासिकेपुढे दुखण्याला दहापैकी गुण दे." तिनं पट्टीनं रेघा मारल्या, नीट अक्षरात विषय लिहिले. पहिला तास 4, दुसरा 5, तिसरा 6, चौथा 8. पाचव्याला एकदम 2, आणि पुढे शाळा सुटेपर्यंत शून्य.

"चौथ्यानंतर काय असतं गं?"

"मधली सुट्टी."

"ती लिहिली नाहीस."

"ती तासिका नाही ना मॅडम."

"तरी लिही."

तिनं चौथ्या आणि पाचव्या तासाच्या मधल्या बारीक जागेत 'म. सु.' लिहिलं. पुढे पेन्सिल टेकवली आणि काहीच न लिहिता तशीच दाबून धरली. टोक मोडलं. बराच वेळ आम्ही दोघी त्या मोडलेल्या टोकाकडे बघत होतो. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प राहणं ही कामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि ती मला जमते याचं मला समाधान आहे.

मग ती म्हणाली, "मी सायकल स्टँडमागं उभी राहून खाते."

उभ्यानं, एका हातानं, दोन मिनिटांत खाता येते ती गुंडाळलेली चपाती. भाजी घेतली तर बसावं लागतं. शनिवारी सुट्टी दहा मिनिटांची, डबा कुणीच काढत नाही, म्हणून शनिवारी पोट गप्प.

त्या रात्री मला आणखी एक गोष्ट उमगली. शालेय पोषण आहार पहिली ते आठवी असतो. आठवीपर्यंत ही मुलं रांगेत ताटं घेऊन बसतात, खिचडी वाढली जाते, जो जिथे बसेल तिथे त्याची जागा. नववीत पोषण आहार थांबतो. आता ज्यानं त्यानं डबा आणायचा आणि कुठल्या गोलात बसायचं ते आपलं आपण ठरवायचं. पंगतीत जागा असतेच, गोलात ती कुणी तरी द्यावी लागते. त्यातच तुकडी बदललेली, मैत्रिणी सगळ्या 'ब'मध्ये. मोठ्यांच्या हिशेबी मुलगी वर चढली होती. तिच्या लेखी रोज दुपारी अर्धा तास ती बेघर होत होती.

माझी घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीत झाली आहे. प्रसंग माणसाला छळतो त्याहून जास्त त्या प्रसंगाला लावलेला अर्थ छळतो, असं ही पद्धत मानते. म्हणून मी मैत्रिणी जमवून द्यायच्या मागे लागले नाही. आधी तो अर्थ बाहेर काढला.

"वर्गात एकटी बसून डबा खाल्लास तर काय होईल?"

"सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की मी कुणालाच नकोय."

"आणखी कुणी एकटं बसतं का वर्गात?"

"नाही. मी एकटीच."

"बघितलंस कधी?"

ती थांबली. बघणार कशी? घंटा झाली की ती सायकल स्टँडकडे पळत होती. मी तिला एकच काम दिलं. दोन दिवस मधल्या सुट्टीत फक्त पाच मिनिटं वर्गात थांबायचं आणि एकटं खाणारी मुलं-मुली मोजायची. कुणाशी बोलायची सक्ती नाही.

पुढच्या भेटीत ती दारातूनच म्हणाली, "सात, मॅडम! सात जण!" छप्पन्न जणांच्या वर्गात सात. त्यातली एक खिडकीजवळ पुस्तक उघडं ठेवून खायची. "ती वाचत नव्हती. पानच उलटत नव्हती," माझी ही मुलगी मला समजावून सांगत होती. पोटदुखी घेऊन आलेल्या पोरीला दुसरीचं दुखणं दिसायला लागलं होतं. त्याच आठवड्यात ती त्या खिडकीपाशी जाऊन बसली.

दुखणं लगेच थांबलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या सोमवारी पुन्हा गोळा आला. ते व्हायचंच असतं, कारण मोठ्या सुट्टीनंतर भीती नव्यानं डोकं वर काढते. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिनं घाबरून घरी ठेवलं नाही. उशिरा का होईना, तिसऱ्या तासाला नेऊन सोडलं. हे फार मोलाचं. शाळा चुकवली की पोट लगेच थांबतं, आणि त्या सुटकेनंच उद्याची भीती वाढते. घरी ठेवावंच लागलं तर दिवस साधा जाऊ द्या. मोबाइल, टीव्ही नको, आणि रागही नको.

त्याआधी डॉक्टरांकडून एकदा नीट तपासून घ्याच. वजन घटत असेल, ताप असेल, रात्री झोपेतून दुखून उठत असेल, शौचात रक्त असेल तर आधी डॉक्टर, मग मी. सगळं ठीक निघालं तर मात्र दर महिन्याला नवी तपासणी करू नका. "शाळेत काय झालं?" या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर येतं. त्याऐवजी "आज डबा कुठे बसून खाल्लास?" असं विचारा. लहान प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. आणि मूल मरणाचं बोलत असेल, हातावर कापल्याच्या खुणा दिसत असतील, तर एक दिवसही थांबू नका. 14416 हा टेली मानसचा क्रमांक आहे, केंद्र सरकारची मोफत सेवा, दिवसरात्र चालू, मराठीतून बोलता येतं.

मूल मला जे सांगतं ते मी घरी सांगत नाही, हेही पालकांना पहिल्याच दिवशी सांगते. जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असेल तर मात्र गप्प राहता येत नाही. मुलालाही हे सुरुवातीलाच ठाऊक असतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना ही रेघ लगेच समजते.

शाळेकडे मी एकच मागणं मागितलं आणि मुख्याध्यापकांनी मान्य केलं. आता जूनमध्ये शाळा उघडली की पहिले दोन आठवडे नववीचे वर्गशिक्षक आपला डबा घेऊन वर्गात येतात आणि सगळे गोल करून बसतात.

मार्चमध्ये त्या मुलीच्या आईचा फोन आला होता. "मॅडम, काल गवारीची भाजी मागून नेली तिनं. म्हणली, जास्तीची दे, दोघींना पुरली पाहिजे."