शेंगा उकडायच्या तर साउथ कॅरोलायनाच्या पद्धतीने
ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या या राज्यातल्या पेलियन गावात शेंगांची जत्रा भरते, त्याच सुमारास नुकत्या उपटलेल्या ओल्या शेंगा मिळतात. त्याच घ्या. वाळलेल्या रात्रभर भिजवूनही दुप्पट वेळ खातात. भाजलेल्या तर चालतच नाहीत.

1 किलो शेंगा, 4 लिटर पाणी, 120 ग्रॅम मीठ. शेंगा तरंगतात, म्हणून वर जड ताटली ठेवा. मंद आचेवर दोन-अडीच तास. आपल्या अर्ध्या तासाच्या शेंगांना तिथले लोक कच्च्याच म्हणतील; दाणा राजम्यासारखा मऊ हवा. पाणी आटलं तर साधं गरम पाणी घाला, मीठ नको. मीठ खरं मुरतं ते आच बंद केल्यावर, त्याच पाण्यात. दर पंधरा मिनिटांनी चाखा, जमलं की लगेच निथळा. उरलेल्या फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर बुळबुळीत होतात.